क्लब उघडेल, पण पहिल्या फेरीत बाबा नकोत

वाचकाचं पत्र (जुलै २०२०)

ताई,

मी ३१ वर्षांची. ठाण्यात राहते, बँकेत नोकरी करते. पगारातून पैसे बाजूला काढत, रजा जोडून जोडून धुळ्याच्या फ्लाइंग क्लबमध्ये उडायला शिकायला जात राहिले आणि डिसेंबरात माझं प्रायव्हेट पायलट लायसन्स हातात आलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात शेवटचं उडले, नंतर सगळं बंद.

बँक अत्यावश्यक सेवेत, त्यामुळे मला घरी बसायला मिळालं नाही. मे महिन्यात कोरोना झाला. फार त्रास नव्हता, महापालिकेच्या केंद्रात दिवस काढून घरी आले. वास अजून नीट येत नाही आणि तीन जिने चढले की धाप लागते, बाकी ठीक आहे. क्लबमधला एक मित्र म्हणाला, वैमानिकांची मेडिकल तपासणी करणाऱ्यांना यातलं काही बोलू नकोस, उगाच लायसन्स अडकेल.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. वय ६४, शुगर आहे. लायसन्स मिळालं की पहिले तुम्हाला बसवणार, असा शब्द मी दिला होता. २५ मेला प्रवासी विमानं सुरू झाल्यापासून ते रोज विचारतात, तुमचं कधी उघडतंय? आई म्हणते, झाली ना हौस, आता विसर.

आणि एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. एप्रिल-मेमध्ये बँकेच्या बसमधून जाताना माजिवड्याला महामार्गावरून माणसं चालत निघालेली दिसायची, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. त्या संध्याकाळी घरी येऊन मी लॉगबुक, म्हणजे उड्डाणांच्या नोंदींची वही, उघडून रडले. त्यांच्यासाठी नाही, माझ्या विमानासाठी. याची फार लाज वाटते.

अशा दिवसांत उडण्याची आठवण येणं चूक आहे का? माझं शिकलेलं सगळं गेलं असेल का? आणि क्लब उघडल्यावर बाबांना लगेच नेऊ का?

एक वाचक, ठाणे

उत्तर

तुझं पत्र नीट वाचलं. प्रश्न तीन विचारलेस, पण एक गोष्ट जाता जाता सांगून पुढे गेलीस आणि वर ‘बाकी ठीक आहे’ असंही लिहिलंस. मी तिथूनच सुरुवात करणार आहे. तुझं नाक आणि तुझी धाप.

उड्डाणाआधी पंखाखालच्या ड्रेनमधून थोडं इंधन काढून बघायला तुला शिकवलंय. तो पारदर्शक कप उजेडात धरायचा, रंग निळसर आहे ना बघायचं, तळाशी पाण्याचा थेंब बसलाय का बघायचं, आणि मग तो नाकाजवळ न्यायचा. टाकीत चुकून जेटचं इंधन पडलं असेल तर ते रॉकेलसारखं वास मारतं. दोन्ही मिसळली असतील तेव्हा नुसत्या रंगावर विसंबणं धोक्याचं, नाक ते पटकन सांगतं. हे झालं जमिनीवर. हवेत गेल्यावर पॅनेलच्या मागे एखादी वायर तापून तिचं आवरण जळायला लागलं, तर धूर दिसायच्या आधी वास येतो. तेल गळून गरम एक्झॉस्टवर पडलं तर आधी वास येतो. केबिन हीटरच्या वाटेने एक्झॉस्टचा धूर आत शिरला तरी तेच. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, पण त्याच्याबरोबर येणाऱ्या धुराला असतो, आणि तेवढ्या इशाऱ्यावर खिडकी उघडून, हीटर बंद करून माणसं सुखरूप उतरली आहेत. मोठ्या विमानात एकाला नाही आला वास तर दुसऱ्याला येतो. तुझ्या दोन खुर्च्यांच्या सेसना १५२ मध्ये तू एकटी असशील तर तुझंच नाक, आणि शेजारी बाबा असतील तर त्यांना तो वास कशाचा हे कळायचं कारण नाही.

धापेचंही तसंच. धुळ्याच्या आसपास तू काही फार उंच जात नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण तीन जिन्यांना धाप लागणारी छाती घेऊन, उन्हाळी हवेत आदळत, इंजिन बिघडल्याचा सराव करताना डोकं किती चालेल याचा विचार कर. डॉक्टरांकडे जा. सहा मिनिटं चालायला लावून आधी आणि नंतर बोटाला ऑक्सिमीटर लावतात, तेवढं तरी त्यांच्या देखरेखीखाली करून घे, आणि पुढे ते म्हणतील ते तपासून घे. मग तुझ्या मेडिकल एक्झामिनरला कोरोना होऊन गेल्याचं, वासाचं आणि धापेचं सगळं सांग, लेखी सांग. मेडिकलच्या कागदावर तारीख शिल्लक असली तरी तब्येत ठीक नाही हे ठाऊक असताना विमान हातात घ्यायचं नाही, हा नियमच आहे. टाळेबंदीत विमानवाहतुकीचे नियम करणाऱ्या डीजीसीएने मुदतींच्या सवलती दिल्या त्या कागदांना दिल्या, तुझ्या फुप्फुसांना त्यांचा काही उपयोग नाही.

तुझा मित्र वाईट मुलगा नसणार. लायसन्स अडकण्याची भीती प्रत्येक वैमानिकाच्या पोटात असते, आणि त्या भीतीपोटी चांगली चांगली माणसं चष्म्याचा नंबर, रक्तदाब, झोपेच्या गोळ्या लपवतात. पण त्याचं ऐकू नकोस. काही महिने थांबावं लागलं तर थांब. तुझं पोट उडण्यावर चालत नाही, प्रायव्हेट लायसन्सवर पैसे घेऊन उडताही येत नाही. थांबणं परवडतं अशा मोजक्या वैमानिकांत तू आहेस. व्यावसायिक लायसन्सच्या तासांसाठी कर्ज काढून बसलेल्या पोरांना हे इतकं सोपं नाही, त्यांच्यासाठी माझा जीव तुटतो.

आता, शिकलेलं गेलं का?

सगळं नाही गेलं. जे गेलंय ते तुला वाटतंय तिथून मात्र गेलेलं नसेल. मी बरीच वर्षं उडायला शिकवलं. कावीळ, बाळंतपण, परीक्षा, पैसे संपणं, अशा कारणांनी मध्येच थांबून परत आलेले विद्यार्थी पाहिले. सगळ्यांना लँडिंगची धास्ती असते. प्रत्यक्षात पहिल्या एक-दोन सर्किटनंतर, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्यांनंतर, हात बऱ्यापैकी आठवतात. विसरतो तो क्रम. एक मुलगा काविळीनंतर परत आला होता. फायनलवर, उतरण्याआधीच्या सरळ टप्प्यात, विमान इतकं सुरेख धरलं की मी शेजारी बसून खूश झाले. उतरल्यावर पाहिलं, तर पॉवर कमी करण्याआधी ओढायची कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा खटका, त्याने ओढलीच नव्हती, आणि आपण काही विसरलोय याचा त्याला पत्ता नव्हता. त्या दिवशी हवा कोरडी होती म्हणून निभावलं. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरायला बाहेर थंडी लागत नाही, दमट हवा पुरते, आणि तू परतशील तेव्हा हवा दमटच असणार.

तेव्हा सराव क्रमाचा कर, आणि तो आजपासून घरी करता येईल. स्वयंपाकघरातली खुर्ची घे, भिंतीकडे तोंड करून बस. मांडीवर चेकलिस्ट. डावा हात योकवर (विमानाच्या स्टिअरिंगवर), उजवा थ्रॉटलवर (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावर), आणि हात खरोखर त्या त्या जागी ने. नुसतं मनात म्हणू नकोस, हात हलू दे. ‘इंजिन गेलं’ असं मोठ्याने म्हण आणि सुरू कर. नाक खाली, ६० नॉट. शेत निवड. कार्ब हीट ओढ. इंधनाचा खटका, जो दोन खुर्च्यांच्या मध्ये खाली जमिनीवर असतो, तिथे वाकून हात घाल. मिक्स्चर, म्हणजे इंधन-हवेच्या मिश्रणाचा दांडा, पूर्ण आत. ठिणगी देणारे मॅग्नेटो ‘बोथ’वर. प्रायमर, इंजिन सुरू करताना इंधन सोडणारा छोटा पंप, आत आणि अडकवलेला. मग रेडिओ, तीनदा ‘मेडे’ ही संकटाची हाक. इंजिन परत आलंच नाही तर मिक्स्चर बाहेर, इंधन बंद, मॅग्नेटो बंद, फ्लॅप, शेवटी विजेचा मास्टर स्विच बंद, आणि टेकण्याआधी दारं उघडी. पहिल्या दिवशी खाली वाकायला विसरशील, बघ. हे रोज करायला दहा-पंधरा मिनिटं लागतात.

लॅपटॉपवरचा सिम्युलेटर असेल तर तोही वापर, पण रेडिओवरचं बोलणं आणि मार्ग आखणं यासाठी. फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक हळूच उचलणं, त्यावर शिकायला जाऊ नकोस. पडद्यासमोर बसून माणसाला पॅनेलवरच्या घड्याळांकडे टक लावायची सवय लागते, आणि तुला तर खिडकीबाहेर बघून उडायचंय.

बाबा यात कुठे येतात ते सांगते. चेकलिस्ट त्यांच्या हातात दे. त्यांनी एकेक ओळ मोठ्याने वाचायची, तू हात नेऊन उत्तर द्यायचं, आणि तू चुकलीस की त्यांनी थांबवायचं. ज्या माणसाने जन्मभर एसटी चालवली त्याला यंत्राची शिस्त समजावून सांगावी लागत नाही. पहिल्या दिवसापासून ते तुझ्या चुका पकडतील.

हे सगळं झालं तरी क्लब उघडल्यावर तुझं पहिलं उड्डाण इन्स्ट्रक्टरबरोबर. दुसरंही, आणि ते ‘पुरे’ म्हणेपर्यंतची सगळी. सर्किट, स्टॉल (पंखांची उचल जाणं), गो-अराउंड (उतरणं सोडून परत वर जाणं), इंजिन फेल, सगळं पुन्हा. अमेरिकेत सोबत माणूस न्यायचा असेल तर मागच्या ९० दिवसांत निदान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली असावी लागतात. तुला शेवटचं उडून चार महिने होऊन गेलेत, आणि लायसन्स मिळून जेमतेम सात. तो तीनचा आकडा जुन्या मुरलेल्या हातांनाही लागू असतो, तू त्याहून जास्त धर.

डोकं ताळ्यावर असण्याबद्दल इथेच सांगते, कारण मे-जूनमधली एक बातमी माझ्या मनातून जात नाही. २२ मेला कराचीत प्रवासी विमान पडलं. ९९ जणांपैकी दोघंच वाचले. पहिल्या वेळी ते चाकं खाली न घेता धावपट्टीवर टेकलं, दोन्ही इंजिनं जमिनीला घासली, परत उचललं, आणि मग दोन्ही बंद पडली. २४ जूनला त्यांच्या विमानवाहतूक मंत्र्यांनी संसदेत सांगितलं की दोघे वैमानिक सगळा वेळ कोरोनाबद्दल बोलत होते, त्यांच्या घरच्यांना त्याची झळ लागली होती. विमानात बिघाड नव्हता. ती माणसं अननुभवी नव्हती, निष्काळजी म्हणून कुणी त्यांना हिणवू नये. काळजीने पोखरलेलं मन घेऊन ती कामावर आली होती. तुझ्या मनात आज बँकेतली गर्दी आहे, स्वतःचं आजारपण आहे, बाबांची शुगर आहे. क्लब उघडेल त्या दिवशी हे सगळं तुझ्याबरोबर कॉकपिटमध्ये येईल. गेटवर उभं राहून स्वतःला विचार, आज माझं लक्ष इथे आहे का? नसेल तर इन्स्ट्रक्टरला तसं सांग आणि चहा पिऊन परत ये. एवढा प्रवास केला, टाळेबंदीत जिल्ह्याबाहेर जायचा ई-पास काढला, आता उडलंच पाहिजे, हा विचार आला की विशेष सावध हो.

आता विमान. चार महिने उभं असलेलं विमान आणि मार्चमध्ये तू ठेवून आलेलं विमान ही एकच वस्तू आहे असं समजू नकोस. या छोट्या लायकमिंग कंपनीच्या इंजिनांत कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा हलवणारा दांडा, वरच्या बाजूला असतो. विमान उभं राहिलं की तेल खाली ओघळतं, वरचं पोलाद उघडं पडतं, आणि पावसाळी हवेत त्यावर गंज धरतो. काही ठिकाणी मग दर आठवड्याला दहा मिनिटं इंजिन चालू करून बंद करतात आणि ‘चालू ठेवलंय’ असं सांगतात. त्याने नुकसानच जास्त. जळणातून तयार झालेलं पाणी तेलात राहतं, कारण ते उडून जाण्याइतकं तेल तापतच नाही. ही कामं क्लबच्या इंजिनियरची आहेत, पण विचारायचा हक्क तुझा आहे, आणि तू विचार. हे विमान शेवटचं हवेत कधी गेलं? तेल कधी बदललं? टाक्या भरून ठेवल्या होत्या की अर्ध्या? अर्ध्या टाकीत आतल्या भिंतीवर दव धरतं, तेच पाणी तुझ्या त्या कपात उतरतं. टायर एकाच जागी दबलेत का? काउलिंगमध्ये, इंजिनावरच्या आवरणात, साळुंकीने काड्या आणून ठेवल्यात का?

आणि पिटो ट्यूब. डाव्या पंखाखालची ती वेग मोजायची बोटभर नळी. कुंभारमाशीला अशी भोकं फार आवडतात, चिखल आणून ती एक-दोन दिवसांत बंद करते. १९९६ मध्ये ६ फेब्रुवारीला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पोर्तो प्लाताहून निघालेलं एक बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं, १८९ माणसं गेली. ते बरेच दिवस उभं होतं, नळ्यांवर झाकणं नव्हती, आणि एक पिटो ट्यूब बहुधा अशाच माशीच्या घरट्याने बुजली होती. वेग दाखवणारं घड्याळ खोटं बोलत राहिलं आणि वैमानिक गोंधळले. म्हणून झाकण काढल्यावर नळीत बघ, इंधनटाकीच्या हवेच्या नळीतही बघ, हवेचा दाब घेणारं स्टॅटिकचं भोक बघ. स्वतः तार किंवा काडी घालू नकोस, शंका आली तर इंजिनियरला बोलाव. धावपट्टीवर वेग घेताना ‘एअरस्पीड अलाइव्ह’ हे शब्द नुसते तोंडाने म्हणू नकोस. काटा हललेला डोळ्यांनी दिसला नाही तर थ्रॉटल बंद, तिथल्या तिथे.

यंदा एक नवा धोका वाढलाय. सॅनिटायझर. विमान निर्जंतुक करायच्या उत्साहात कुणी समोरच्या काचेवर स्पिरिट मारू नये. ती काच नसते, अ‍ॅक्रिलिक असतं, अल्कोहोलने त्यावर बारीक तडे जातात आणि संध्याकाळच्या उन्हात समोरचं काही दिसत नाही. तिला पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड पुरतं. हेडसेट तेवढा स्वतःचा घे. क्लबचा हेडसेट दिवसभरात कितीजणांच्या तोंडापुढे असतो, माइकवरचा तो स्पंज कुणी धूत नाही. जमिनीवर मास्क लावून चष्म्यावर वाफ धरते का, तेही आधीच पाहून ठेव.

यातच बाबांचं उत्तर जवळजवळ येऊन गेलं. दोनच खुर्च्या आहेत. एका खुर्चीवर तू, दुसरीवर एक तर इन्स्ट्रक्टर नाही तर बाबा, आणि सध्या तिथे इन्स्ट्रक्टरच हवा. १५२ ची केबिन अशी की दोन माणसांचे खांदे घासतात. वय ६४ आणि शुगर असलेल्या माणसाला अशा डबीत, दिवसभर परक्या माणसांनी श्वास घेतलेल्या जागेत बसवायची ही वेळ नाही. त्याआधी ठाण्याहून धुळ्यापर्यंतचा प्रवास आहेच.

पण ‘नाही’ म्हणताना आजाराची ढाल पुढे करून वेळ मारून नेऊ नकोस. ‘बाबा, तुम्हाला धोका आहे’ एवढंच सांगितलंस तर त्यांना वाटेल आपण म्हातारे झालो म्हणून पोरगी टाळतेय. खरं कारण आधी सांग. ‘मी अजून तुम्हाला न्यायला तयार नाही.’ आणि त्यांना एवढंच विचार, डेपोत चार महिने उभी असलेली गाडी, स्वतःचाही चार महिने स्टिअरिंगला हात लागलेला नसताना, तुम्ही भरल्या प्रवाशांनिशी थेट कसारा घाटात घातली असती का? त्यांचं उत्तर काय येईल हे तुलाही माहीत आहे. शब्द दिलास तो मोडू नकोस, त्याची वेळ ठरव. दिवाळी होऊन जाऊ दे. खानदेशात थंडीच्या सकाळी हवा स्वच्छ आणि शांत असते, लळिंगचा किल्ला लांबून दिसतो. तोवर तुझे तास वाढलेले असतील, साथीचं चित्र कळलेलं असेल, बाबांच्या डॉक्टरांचं मत घेता येईल. तेव्हाही यातलं एखादं जुळलं नाही, तर पुढच्या थंडीत.

आणि थोडा जुलैचाही विचार कर. टाळेबंदी नसती तरी या महिन्यात तुझं उडणं किती झालं असतं? डोळ्यांनी बघून उडणाऱ्याला पाच किलोमीटर तरी दिसावं लागतं आणि ढगांपासून लांब राहावं लागतं. पावसाने वैमानिकांना नेहमीच बसवून ठेवलंय. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, टाटांची हवाई टपालसेवा तिथून सुरू झाली. त्याच जुहूला पावसाळ्यात चिखल-पाणी व्हायचं, म्हणून दरवर्षी विमानं आणि माणसं पुण्याला हलवायची. तेवढा काळ जुहू बंद. त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. तुझ्या या चार महिन्यांतला पावसाळ्याचा वाटा तू टाळेबंदीच्या खात्यावर मांडू नकोस.

राहिली लाज. सगळ्यांत अवघड तेच होतं, आणि तू ते लिहिलंस म्हणून मला तुझं मोल वाटतं.

माजिवड्याहून जो रस्ता निघतो तोच मुंबई-आग्रा महामार्ग धुळ्यातून जातो. तू तो वरून कितीदा पाहिला असशील, वाट चुकू नये म्हणून त्याच्याच कडेने उडाली असशील. आता त्याच रस्त्यावरून माणसं चालत गेली, आणि तुला त्या रस्त्याकडे पूर्वीसारखं बघता येणार नाही. तू लिहिलंस की त्यांच्यासाठी नाही, विमानासाठी रडले. मला तसं वाटत नाही. दिवसभर जे पाहिलं त्यावर तिथे रडता येत नव्हतं, घरी येऊन हाताला लॉगबुक लागलं. आणि समज, अगदी नुसती विमानासाठीच रडलीस, तरी त्यात चूक काय? तुझ्या दुःखाने त्यांचा एक घासही कमी झाला नाही. तू घरी रडलीस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काउंटरवर जाऊन बसलीस. एप्रिल ते जून सरकारने बायकांच्या जनधन खात्यात महिन्याला ५०० रुपये टाकले, त्यासाठी बँकांबाहेर उन्हात रांगा लागल्या होत्या. ते पैसे काचेच्या फटीतून त्या बायकांच्या हातात तुझ्यासारख्यांनीच दिले, आणि त्याच कामात तुला आजार लागला असणार. अमेरिकेत काही हौशी वैमानिकांनी आपल्या छोट्या विमानांतून खेड्यांतल्या दवाखान्यांना मास्क आणि हातमोजे पोचवले, ते वाचून तुला वाटलं असेल की आपल्याला काहीच करता आलं नाही. तू केलंस, ते जमिनीवर होतं इतकंच.

आईशी वाद घालू नकोस. मुलगी आजारी पडून परत आली, त्या बाईला आता ती जमिनीवर हवी आहे. ‘हौस’ म्हणते म्हणजे तुझ्या कष्टांना कमी लेखते असं नाही. खुर्चीवर सराव करताना तिलाही बघू दे. इंजिन गेलं तर काय करायचं हे मुलीला तोंडपाठ आहे, हे तिने स्वतःच्या स्वयंपाकघरात पाहिलं तर तिची भीती थोडी तरी उतरेल.

ठाण्यात २ जुलैपासून पुन्हा कडक बंदी आहे, तेव्हा या आठवड्यात धावपळ नको. डॉक्टरांची वेळ फोनवर घे, आणि एक्झामिनरला काय काय सांगायचं ते तारखांसह लिहून काढ: ताप कधी आला, वास कधी गेला, कधीपासून किती येतोय. इन्स्ट्रक्टरलाही दोन ओळी पाठव की परतल्यावर मला पूर्ण उजळणी हवी आहे, घाई नाही. तुझं नाक तपासून डॉक्टर काय म्हणाले, ते मात्र मला नक्की कळव.